देवापुढे ठेवलेली रॅम

बहिणीची मुलाखत दुपारी तीनला होती आणि सकाळपासून आमचा कॉम्प्युटर उठायला तयार नव्हता. आदल्या दिवसापर्यंत तो चालत होता. मंद चालत होता, पण चालत होता. मी त्यात नवी रॅम बसवली आणि पडदा काळा पडला.

रॅम बदलण्याची कल्पना माझीच. मुलाखत ऑनलाइन होती, पुण्याच्या एका कंपनीची, हिशेबाच्या कामासाठी. त्यांनी आधी एक प्रोग्राम कॉम्प्युटरवर घालायला सांगितलं होतं, मोबाईल चालणार नव्हता. तो प्रोग्राम उघडला की आमचा जुना कॉम्प्युटर बैलासारखा बसकण मारायचा. म्हणून मी जबलपूरच्या ओमती भागातल्या दुकानातून रॅमच्या दोन नव्या पट्ट्या आणल्या. जुनी पट्टी दुकानदारानं बदल्यात ठेवून घेतली.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, बहीण दुसरी. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर. मी शिकलो पांढुर्ण्याच्या शाळेत, आजोळी राहून. तिथं एक कॉम्प्युटर होता. त्याच्या खोलीला कुलूप असायचं, आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत आणि त्याच्यावर फुलाफुलांचं कापड असायचं. तो आला त्या दिवशी हेडमास्तरांनी त्याच्यापुढे नारळ फोडला होता. आम्ही पोरं ओळीनं आत गेलो, प्रत्येकानं एकच कळ दाबली आणि नमस्कार करून बाहेर आलो. माझ्या वाट्याला 'म' आला होता. आज मी जबलपूरच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, त्याची सुरुवात त्या एका कळेपासून झाली असं मला मनापासून वाटतं. म्हणून नवी वस्तू घरी आली की मी ती आधी देवापुढे ठेवतो. रॅमची डबीही ठेवली होती.

सकाळी आंघोळ करून डबी उचलली, टेबलाखाली शिरलो, पट्ट्या खाचेत दाबल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. समोरचा निळा दिवा लागला. आणि आतून एक लांब शिट्टी आली. थोडं थांबून पुन्हा तशीच.

"हे काय वाजून राहिलं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. "कुकर तर मी लावलाच नाही."

"कॉम्प्युटर आहे, आई."

"अच्छा. बोलायला लागला का?"

या शिट्टीचा अर्थ मला माहीत होता. कॉम्प्युटर म्हणत होता की रॅम सापडत नाही. पट्ट्या काढल्या, पुन्हा लावल्या. दोन्ही बाजूंनी खट् असा आवाज ऐकला. शिट्टी तशीच. एकच पट्टी लावून पाहिली, मग दुसरी, मग खाच बदलून. आतला गोल सेल काढून परत बसवला. शाळेत मी मुलांना जे जे सांगतो ते सगळं क्रमानं केलं.

बहीण मुलाखतीचा कुर्ता घालून, केस ओलेच ठेवून दारात उभी होती. "दादा, हो जाएगा ना?"

"होईल."

"मघाशीही होईलच म्हणाला होतास. शाळेत पोरांना हेच शिकवतोस का?"

"पोरांपुढे तो चालतो."

"मग पोरांनाच बोलव न."

ती हसत होती, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून राहिली होती. या नोकरीसाठी तिनं दोनदा अर्ज केला होता. पहिल्यांदा उत्तरच आलं नव्हतं. बाबांनी कारखान्यात कोणालाही सांगितलं नव्हतं. झालं तरच सांगू म्हणाले होते, आणि त्यावरूनच त्यांना किती वाटत होतं ते कळत होतं.

मी दुकानदाराला फोन लावला. तो बरगीला नातेवाइकाच्या लग्नात होता, मागे बँड वाजत होता. "भैया, ठीक से बैठी नहीं होगी," तो ओरडून म्हणाला. "मैंने खुद चेक करके दी है. शाम को आ जाओ, बदल दूँगा."

संध्याकाळ आमच्या काय कामाची? बहीण म्हणाली, ओमतीच्या सायबर कॅफेत जाऊन देऊ का मुलाखत? मी तिथल्या गोंगाटाचा विचार केला आणि नाही म्हटलं. मग उगाचच म्हटलं असंही वाटलं.

आई चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली. "काहून होऊन राहिलं नाही रे? देवापुढे तर ठेवलं होतं."

"देवाचा काही दोष नाही, आई. पट्टीच खराब निघाली असेल."

"दोन्ही?"

ते खरं होतं. नव्या दोन्ही पट्ट्या एकदम खराब निघाव्यात, हे मलाही पटत नव्हतं. मी एक पट्टी काढली आणि या वेळी टेबलाखालून बाहेर येऊन खिडकीशी गेलो. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, तेवढेच खाचेत जातात. उन्हात पाहिलं तर मधले दात सोनेरी नव्हते. तांबूस होते. दुसरी पट्टी पाहिली, तीही तशीच. बोट फिरवलं तर बोटाला लाल लागलं.

"आई, याला काही लावलंस का?"

"कुंकू लावलं. नव्या वस्तूला लावायचं नाही का?"

"डबीला लावायचं न."

"डबी काय कॉम्प्युटरात घालणार होतास?" आई म्हणाली. "उघडून लावलं. ओलं करून, चांगलं टिकेल असं. मग जास्त झालं वाटलं म्हणून पदरानं पुसून घेतलं."

"पण इथंच काहून?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच साधी गोष्ट विचारत होतो. "सोनेरी काठ आहे न तो. नव्या लुगड्याला कुठं लावते मी? काठालाच."

बहीण आधी हसली. ती हसत खाली बसली, मग मलाही राहवेना. आई मात्र आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होती. "बिघडलं का रे काही माझ्यानं?" तिनं हळूच विचारलं. तिचा चेहरा पाहून आमचं हसू थांबलं.

"नाही बिघडलं," मी म्हटलं. "पुसलं की होईल." होईलच याची खात्री मला नव्हती.

माझ्या शाळेच्या पिशवीत खोडरबर असतोच. त्यानं सोनेरी दात हलक्या हातानं घासले. मग कापसावर सॅनिटायझर घेऊन पुसले. कापूस गुलाबी होत गेला. खाचेत गेलेलं कुंकू काढायला आईनं कोरा टूथब्रश आणून दिला आणि मोबाईलचा दिवा तिनंच धरला. "इथं अजून आहे," ती सांगत राहिली. "त्या कोपऱ्यात बघ." मला दिसलं नाही ते दोनदा तिला दिसलं.

सगळं वाळू दिलं. पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं.

पंखा फिरला. शिट्टी नाही. पडदाही काळाच. बहिणीनं माझा खांदा धरला. नवी रॅम ओळखायला कॉम्प्युटर वेळ घेतो, हे मी तिला सांगायला वळलो. मग एक आखूड, नीटस आवाज आला आणि पडद्यावर आमचा भेडाघाटचा फोटो उमटला. नावेत बसलेले चौघं, बाबांच्या डोक्यावर उलटी टोपी.

"चलो," बहीण म्हणाली आणि केस विंचरायला पळाली.

तीन वाजता तिनं दार लावून घेतलं. आई आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो. आईनं पंखासुद्धा बंद केला, आवाज नको म्हणून. आतून बहिणीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा ती हसली तेव्हा आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हसली म्हणजे चांगलंच.

नोकरी लागल्याचं बाबांनी कारखान्यात सांगितलं तेव्हा बडा फुहाऱ्याच्या बाजारातली खोव्याची जिलेबी अख्ख्या शॉपला, त्यांच्या विभागातल्या सगळ्या कामगारांना वाटली. कंपनीनं बहिणीला लॅपटॉप पाठवला. पुण्याला निघायच्या दिवशी आईनं तो पाटावर ठेवला, बोट कुंकवात बुडवलं आणि ते तसंच हवेत धरून मला हाक मारली.

"ये इकडं. याला कुठं लावू ते तूच सांग."

मी झाकणाचा एक कोपरा दाखवला. तिनं तिथं अगदी बारीक टिकली लावली, पुसली नाही, आणि मग बहिणीच्या कपाळाला लावली.