तडा गेला म्हणजे आला

पेठच्या स्टँडवर नाशिकची एसटी लागली तेव्हा माझ्या हातात यादी होती. गोधडी, नागलीचं पीठ, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि त्याच्या तीन झेरॉक्स, सातपूरच्या खोलीचा पत्ता. सगळ्यावर टिक झाली होती. मी पायरीवर चढले आणि म्हणाले, "आई, जाते."

"उतर खाली," आई म्हणाली.

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर. "ओ मावशी, गाडी सोडू का उद्या सकाळी?"

"जाते नाय म्हणायचं. जाऊन येते म्हण, मंग चढ."

मी उतरले, म्हणाले, पुन्हा चढले. अख्खी एसटी हसली. बा खिडकीशी आला आणि एवढंच बोलला, "नाय जमलं तर परत ये. लाजू नको." तो मायेनंच बोलला, पण मला ते टोचलं. घाट ओलांडेपर्यंत मी यादीच्या मागे एक ओळ लिहिली होती: न जमून परत यायचं नाही.

गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो आणि माझ्यासारख्या सातपूर-सिन्नरला आलेल्या पोरींनो, ती ओळ कशी टिकली ते सांगते. जेमतेम टिकली.

कारखान्यात माझं काम तपासणीचं. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागावर, लाल रंग लावायचा, पुसून काढायचा, वरून पांढरा फवारा मारायचा. केसाएवढा तडा असला तरी त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. काम मला पहिल्या आठवड्यात आलं. रिपोर्ट मात्र इंग्रजीत लिहायचा होता, कारण माल परराज्यात जायचा. सहा महिन्यांनी कायम करणार होते, नाहीतर घरी. पाचवा महिना संपत आला होता.

त्या दिवशी तीन पीसवर रेघ उमटली. मी ते वेगळ्या खोक्यात ठेवले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, 'क्रॅक वेंट इन थ्री पीसेस.' आपण म्हणतोच ना, तडा गेला. गेला म्हणजे वेंट. मला त्यात काही चूक दिसली नाही.

दुपारी मी वही घेऊन रॅकवर मोजायला गेले तर ते खोकं जागेवर नव्हतं. बाहेर टेम्पोत खोकी चढत होती. मी धावत गेले आणि टेम्पोच्या पुढे उभी राहिले. आमचे साहेब, सिन्नरचे, आवाजाने मोठे, ऑफिसातून बाहेर आले.

"काय गं, अंगावर घालून घेतेस का?"

"साहेब, तडा गेलेले पीस आत आहेत."

"तूच लिहिलंयस ना, क्रॅक वेंट? मला वाटलं घासून काढलास. गेला ना तडा?"

"हो, गेला."

"गेला म्हणजे गेला! मग माल चांगला झाला की."

"गेला म्हणजे आला, साहेब."

टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "मॅडम, गेला का आला ते ठरवा लवकर. मला पुढं ट्रॅफिक लागतं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुमच्या डोंगरात गेला म्हणजे आला म्हणतात का?"

"तुमच्या सिन्नरला काय म्हणतात?" मी विचारलं. "काचेचा ग्लास गरम चहाने चिरला तर काय म्हणता?"

साहेबांनी तोंड उघडलं. "तडा... गेला," ते म्हणाले. मग टेम्पोवाल्यावर ओरडले, "बघतोस काय? उतरव ते खोकं!"

खोकं उतरलं. त्यांनी स्वतःच्या हाताने फवारा मारला. तीनही पीसवर लाल रेघ उमटली. शाबासकी मिळाली नाही. ते म्हणाले, "नजर आहे तुला, इंग्रजी नाही. तीन महिने वाढवून देतो. तेवढ्यात लिहायला शीक, नाहीतर तुझा तू विचार कर."

खोलीमालकीण साळवेमावशी सरकारी कचेरीत क्लार्क होत्या. संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं तर आधी त्या पोट धरून हसल्या. मग एक कोरी वही समोर ठेवून म्हणाल्या, "आखून घे. डावीकडे आपलं, उजवीकडे त्यांचं."

डावी बाजू मी एका बैठकीत भरली आणि थक्क झाले. आपल्याकडे एखादी गोष्ट नव्याने होते तेव्हा ती कुठून कुठून येते! भेग पडते, गंज चढतो, फोड येतो, बुरशी धरते, कोंब फुटतो, अडचण उभी राहते. गादीवाफ्यात भाताचं बी जमिनीतून वर येतं आणि बा म्हणतो, रोप उतरलं. वर येतं त्याला उतरलं, नव्याने होतो त्याला गेला. उजवीकडे मावशींनी एकेक शब्द घातला. तडा डेव्हलप होतो, गंज फॉर्म होतो, रेघ अपिअर होते, कोंब इमर्ज होतो, अडचण अराइज होते.

"आणि हा ऑकर," मावशी म्हणाल्या, "आमच्या कचेरीचा लाडका. चूक ऑकर झाली असं लिहिलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. आपोआप उगवल्यासारखी."

"मला नाव घ्यायचं असेल तर?"

"मग तू कचेरीत टिकणार नाहीस, बाई. कारखान्यातच राहा."

राहिले. तीन महिन्यांनी साहेबांनी माझे शेवटचे दहा रिपोर्ट सलग वाचले, एकाही ओळीखाली रेघ मारली नाही, आणि कायम झाल्याचं पत्र टेबलावर सरकवलं. मी त्याच्याही तीन झेरॉक्स काढल्या. आज त्या टेबलामागे मी बसते. वहीतला तो दोन रकान्यांचा कागद भिंतीवर आहे. नव्या पोरी 'क्रॅक वेंट' लिहितात तेव्हा मी रागावत नाही. त्यांना आधी डावा रकाना मोठ्याने वाचायला लावते.

घराचं म्हणाल तर मी माझ्यापुरता नियम केला. जिथून निघताना 'जाऊन येते' म्हणता येतं ते घर. पेठहून निघताना तसं म्हणते, सातपूरहून पेठला निघतानाही म्हणते. माझी दोन झाली. बाचं मात्र एकच राहिलं. कधी आला तर भिंतीला टेकून चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ विचारायचा. दारात म्हणायचा, "चल, घरी निघतो." आणि हळूच, "जमतंय ना?" फ्लॅट माझ्या नावावर झाला तेव्हाही त्याने हेच विचारलं.

यंदा त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन इथे केलं. पंधरा दिवस राहिला. पट्टी निघाल्यावर गॅलरीतून खालच्या मोटारसायकली मोजत बसायचा, माझ्या हातातली यादी लांबून वाचून दाखवायचा आणि तीत राहिलेलं सांगायचा. जमतंय का, ते एकदाही विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. चपला घातल्या. मी गाडीची वेळ सांगणार, तेवढ्यात म्हणाला, "भाताच्या आवणीचं बघून जाऊन येतो."

"कुठं जाऊन येतोस, बा?"

"पेठला," तो म्हणाला, "आणि कुठं?"