हळू वाचलेलं पान

रविना माझी धाकटी जाऊ. घर एकच, मधी शेणानं सारवलेला कारवीचा कूड. अलीकडं मी न् माझा नवरा सुदाम, पलीकडं ती न् कमळू. कुडातून सगळं ऐकू येतं. भांडण ऐकू येतं, खोकला ऐकू येतो, कुणी गुपचूप गुळाचा खडा फोडला तरी ऐकू येतो. त्याच कुडातून मी दोन वर्षं तिचा अभ्यास ऐकला, न् त्या दोन वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलले नाय. बारकी माझं नाव. बायका विचारतात, बारके, असं कसं गो जमलं तुला? एकदा डोक्यात राख घालून घेतली की मला सगळं जमतं.

आमचा पाडा सिद्धगडाच्या पायथ्याला, मुरबाड तालुक्यात. रविना शहापूरकडची, तानसाच्या बाजूची. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकली, ती पण सायन्सला. बारावी झाली न् लग्न झालं, पुस्तकं माहेरी माळ्यावर गेली. इथं आल्यावर आमच्यासारखीच भाताच्या आवणीला वाकली, हिरडा वेचला, सरपणाच्या मोळ्या आणल्या. कुरकुर म्हणून नाय. खोटं कशाला बोलू, सख्ख्या बहिणीपेक्षा मला ती आवडायची. माझी तानी तर तिच्याच मांडीवर वाढली.

तानी माझी पहिली, चार वर्षांची. जांभळं पिकायच्या दिवसांत तिला ताप आला, खोकला आला, छाती भात्यागत वरखाली व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवली तर ओठ जांभळे. आमची सासू, ठकी तिचं नाव, तोंडानं फटकळ पण मनात कायी ठेवणार नाय, ती म्हणाली, बघा कार्टी, तापात पण जांभळं खाऊन बसली. आमी हसलो. रविनानं पदर ओला करून ओठ पुसले. रंग जाईना. परत पुसले. मग तिनं पोरीची नखं बघितली, न् एकाएकी उचलून खांद्यावर टाकली न् पळत सुटली. मागं मी, माझ्या मागं सुदाम. आमच्याकडं ओहोळ उतरून डांबरी रस्त्याला लागायचं, तिथून जीप. दवाखान्याच्या पायरीवर पोचलो तेव्हा तानीनं माझं धरलेलं बोट सोडलं. आत डॉक्टर नव्हता, जागा रिकामी आहे म्हणाले. असता तर वाचली असती का, ते मला कुणी सांगितलं नाय.

दिवस झाले, पाहुणे गेले. थोड्या दिवसांनी रविना माहेरी जाऊन पुस्तकांची गोणी घेऊन आली. पाणवठ्यावर बायकांना म्हणाली, मी डॉक्टर होणार, तानीसाठी. ते माझ्या कानावर आलं न् माझं पित्त खवळलं. माझ्या पोरीचा परकर अजून दांडीवर, न् हिला तिच्या नावानं मोठं व्हायचंय? मी ओटीवर उभी राहिले न् सगळ्यांच्या देखत बोलले.

"माझ्या पोरीचं नाव घेऊन तू कायी करायचं नाय."

तिनं परत ते नाव घेतलं नाय, न् मी तिच्याशी बोलणं टाकलं.

डॉक्टरीच्या कॉलेजात जायला परीक्षा असते, नीट म्हणतात. वर्षातून एकदा, मे महिन्यात. तिथं बसणारी पोरं अठराची, कल्याणला क्लास लावलेली. ही सव्वीसची, लग्न झालेली बाई. हिचा क्लास म्हणजे फोन, न् त्याला रेंज हवी तर खळ्यापलीकडच्या खडकावर जाऊन बसायचं. पाड्यावरचे टगे विचारायचे, डॉक्टरीणबाई, सुई कधी टोचता? ती हसायची न् वाचायची. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की कुडाला टेकून बसायची. आधी इंग्रजीत भराभरा, मग तेच आपल्या बोलीत स्वतःला समजावायची. रक्त कसं फिरतं, झाडाला पाणी वर कसं चढतं, आईच्या पोटात पोर काय खातं. अलीकडं मी तांदूळ निवडत ऐकायची. तिच्या वाट्याची आवणी मी करायची, पाठ माझी मोडायची, म्हणून भांडी जरा आपटूनच ठेवायची. पण ती थांबायची नाय.

फक्त एका ठिकाणी तिचा आवाज उतरायचा. फुप्फुसाचं कायतरी असायचं. तिथं आली की कुजबुज, न् ते पान सरलं की परत मोठ्यानं. पुस्तक संपवून पुन्हा पहिल्यापासून धरलं तरी त्या पानावर आवाज हळूच. मी काय येडी नाय. कुणाच्या कानावर पडू नये म्हणून ती हळू वाचते ते मला कळायचं. कळून राग जायला पाहिजे होता ना? माझा वाढायचा. माझ्या पोरीचं असं काय आहे त्या पानात, जे हिला ठाऊक न् मला नाय?

पहिल्या खेपेला तिला मार्क कमी पडले. दुसऱ्या खेपेच्या तयारीत असतानाच तिला दिवस गेले. दिवस भरायचे न् परीक्षा, दोन्ही एकाच सुमाराला. सासू म्हणाली, या वर्षी सोड गो बाई. रविना म्हणाली, या वर्षी पोर पोटात आहे, पुढल्या वर्षी रांगेल, त्याच्या पुढल्या वर्षी दुसरं येईल; आता सोडलं की सुटलंच. ते तिचं खरं होतं. मला आतून पटलं, पण मी तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलं.

बुधवारी मुरबाडला ती मोकळी झाली. मुलगी झाली. शनिवारी घरी आणली, न् परीक्षा रविवारी, कल्याणला. रविवार म्हणजे पाचवा दिवस. आमच्यात पाचवीच्या रात्री सटवाई येते न् पोराच्या कपाळी लिहून जाते. म्हणून पाटा पुजायचा, त्याच्यापाशी कोरा कागद न् पेन ठेवायचं, दिवा तेवत ठेवायचा. तोवर पोर उंबऱ्याबाहेर काढत नायत.

त्याहून मोठी अडचण दुधाची. गेट दुपारी दीडला बंद होणार, पेपर पाचला सुटणार, त्याच्याआधी रांग न् झडती. एवढा वेळ पाच दिवसांचं पोर कशावर राहायचं? काढून वाटीत न्यावं तर तिला अजून धड पान्हा फुटला नव्हता, न् वर मे महिन्याचं ऊन. कमळू पाड्यावर घरोघर फिरला. अंगावर पाजणारी एक बाई तयार झाली, तर तिच्या नवऱ्यानं नाय म्हटलं. माझा वाल्मिक तेव्हा नऊ महिन्यांचा, मला दूध भरपूर. पण माझ्याकडं कुणी आलं नाय. एक तर अबोला. दुसरं, जिचं पोर गेलं तिनं पाचवीच्या आधी नव्या पोराला पदराखाली घेऊ नये असं पाळतात. तसं तोंडावर कुणी बोललं नाय, पण मला सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

तिन्हीसांजेला मी वाल्मिकला घेऊन बसले होते. पलीकडं रविना कमळूला म्हणाली, राहू दे, नाय जात मी. रडली नाय, कायी नाय. मग पुस्तकं गोणीत टाकल्याचा आवाज आला. एक टाकलं. थांबली. दुसरं टाकलं. मी तानीचे कपडे असेच गोणीत भरले होते, थांबून थांबून. तो आवाज मला ऐकवेना. मी उठले न् पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिले. रविनाकडं बघितलं नाय, सासूकडं बघून बोलले.

"आत्या, पाचवी पहाटेच पुजा. पोरीला मी पाजीन."

सासूनं हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाली, "सटवाई पण बाईच आहे. घेईल समजून."

पहाटे पाटा पुजला, कागद-पेन ठेवलं, पोरीला काजळ लावलं. जीप ओहोळाच्या अलीकडं येत नाय, तर रविना पाच दिवसांची बाळंतीण, कमळूच्या खांद्याला धरून ओहोळ उतरली. मागं सासू न् मी, दोन्ही पोरं घेऊन. कल्याणला त्या शाळेच्या गेटावर तिच्या बांगड्या काढल्या, हातातला काळा दोरा कापला. कानाला बांधलेलं फडकं पण सोडायला लावलं. सासू रखवालदाराशी भांडायला निघाली, बाळंतिणीच्या कानात वारं शिरलं तर तू बघणार का म्हणून. सटवाईपुढचं पेन पण तिला रविनाजवळ द्यायचं होतं. आतच पेन देतात, बाहेरचं चालत नाय, असं त्यानं नीट समजावलं. मग ते पेन सासूनं कमरेला खोचलं. आत जाताना रविनानं मागं वळून बघितलं, पोरीकडं न् मग माझ्याकडं.

शाळेसमोर रस्त्याच्या कडेला पिंपळ होता, तिथं आमी बसलो. बाकीच्यांचे आईबाप गाड्यांत एसी लावून बसले होते. पोरगी उठली न् कोकरागत ओरडायला लागली. मी पदराखाली घेतली तर तिला धरता येईना. तोंड इकडं, तोंड तिकडं. वाटलं, लोक पाळतात ते खरंच असेल, माझं दूध हिला लागायचं नाय. एकदाची तिनं पकडलं. तानी अशीच होती, एवढीशी, अशीच एक मूठ वर करून प्यायची. दोन वर्षं मी रडले नव्हते, गड्या. त्या पिंपळाखाली, भर रस्त्यात, मी हुंदके देऊन रडले न् पोरगी पीत राहिली. सासूनं मला पदरानं आडोसा केला न् दुसरीकडं बघत बसली.

वाल्मिकचं डोकं फिरलं. आपली जागा दुसऱ्यानं घेतलेली बघून त्यानं माझे केस ओढले. पोरगी दर थोड्या वेळानं उठायची न् प्यायची. शेवटी त्याच्यासाठी कायी उरलं नाय. बिस्कीट दिलं, त्यानं फेकून दिलं.

पाचनंतर पोरं हसत-रडत बाहेर आली. सगळ्यांत मागं रविना, भिंत धरत. ड्रेसची छाती भिजून चिंब. पान्हा तिला आतच फुटला होता, पेपर लिहिता लिहिता. येऊन तिनं पोरीला मांडीवर घेतलं, तर पोरगी पोट भरून गाढ झोपलेली. तोंडच उघडेना. रविनाची छाती दुधानं दगड झालेली, दुखून डोळ्यांत पाणी आलं. इकडं वाल्मिक भुकेनं काळानिळा. मी वाल्मिकला उचलला न् तिच्या मांडीवर ठेवला. त्यानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं न् गटागटा प्यायला लागला.

मग मी तोंड उघडलं.

"ते पान आलं का पेपरात? तू हळू वाचायचीस ते."

रविना दचकली. "आलं, बाय. एक प्रश्न होता."

"बरोबर केलास?"

"केला."

"मंग मला सांग. मोठ्यानं सांग."

तिनं सासूकडं बघितलं, मग वाल्मिकच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. न्यूमोनिया म्हणतात त्याला. श्वासाच्या बारीक पिशव्या असतात फुप्फुसात, त्या पाण्यानं भरतात. हवेला जागा राहत नाय. ताप येतो, थंडी वाजते, खोकला येतो. फार वाढलं की ओठ न् नखं निळी पडतात.

सासू जपाची माळ ओढत होती, ती तिनं खाली ठेवली.

"म्हणजे ती जांभळं नव्हती," मी म्हटलं.

"नाय, बाय. जांभळं नव्हती. मला पण तेव्हा कुठं ठाऊक होतं? मी पण पुसतच बसले."

कमळू जीप बघून आला तेव्हा आमी तिघी उठलो.

त्या वर्षी पण तिचा नंबर लागला नाय. थोडक्यात हुकला. निकाल कळला त्या दिवशी तिनं पुस्तकं आवरायला घेतली, तर मीच गोणी काढून घेतली न् तिच्यात लसूण भरला. आता सकाळी भाकऱ्या झाल्या की पोरगी माझ्याकडं, न् ती कुडाला टेकून पुस्तक घेऊन बसते. कशाला एवढी मर मर करतेस असं पाणवठ्यावर कुणी विचारलं की ती माझ्याकडं बघते. मी म्हणते, सांग ना गो, तानीसाठी म्हणून सांग. न् ते पान आलं की मी हातातलं सूप खाली ठेवते, न् ती मोठ्यानं वाचते.