वासराच्या कपाळावरचं कुंकू

हॅमिल्टनहून पूर्वेला तासभर गाडी चालवली की डांबर संपतं आणि खडीचा रस्ता लागतो. त्या रस्त्याच्या शेवटी ग्रॅहम नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या गाई होत्या, आणि गोठ्यामागच्या लाकडी घरात रमण आणि नीलिमा राहत होते. ही दोन हजार सहाची गोष्ट. रमण मूळचा फलटणकडचा. गाईची भाषा त्याला इंग्रजीपेक्षा बरी कळायची, आणि ग्रॅहमला तेवढं पुरत होतं.

दक्षिण गोलार्धातल्या त्या देशात गाई ऑगस्टात वितात. कालवडी ठेवतात. गोऱ्हे मात्र जन्मताच आईपासून तोडायचे आणि चार दिवसांचे झाले की रस्त्याकडेच्या पिंजऱ्यात उभे करायचे. सकाळी ट्रक येतो आणि घेऊन जातो. कुठे नेतो ते कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. पिंजऱ्यापर्यंत वासरं उचलून नेणं हे रमणचं काम होतं.

तो फार देवभोळा नव्हता. गावी त्याच्या वडिलांनीही गोऱ्हे विकले होते. पण ते आईच्या कासेला लागून, माळावर हुंदडून मग बाजारात गेले होते. इथलं वासरू पिंजऱ्याकडे जाताना त्याचीच बोटं चोखायचं. एका सकाळी त्याने एक वासरू पिंजऱ्यात ठेवलंच नाही. शेताच्या पार टोकाला, दलदलीजवळ, उंच सुरूसारख्या झाडांच्या रांगेमागे गवताची एक जुनी शेड पडीक होती. तिथे नेऊन सोडलं. मग दुसरं. सप्टेंबर संपेपर्यंत पाच झाली. मालकाच्या टाकीतलं दूध बादलीत घेऊन तो रोज तिकडे जायचा, आणि परतताना दहादा मागे वळून बघायचा.

कारण दुसऱ्याचं जनावर लपवणं ही चोरीच होती. कायम राहण्याचा त्यांचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. नीलिमाला पाचवा महिना लागला होता. चोरीचा शिक्का बसला असता, तर बाळ जन्मायच्या आत दोघांना विमानात बसवलं असतं. नीलिमाला त्याने सांगितलं होतं की वासरं मालकाने आपल्याला दिलीत. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही त्याला भीती वाटू लागली.

आणि तालुक्याच्या पोलीस चौकीत होता पुरुषोत्तम.

पुरुषोत्तम बारा वर्षांचा असताना आईबापांबरोबर याच देशातल्या ओटाहुहूला आला आणि तिथेच वाढला. उंच, गोरटेला, बोलताना निम्मं इंग्रजी. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी फोन केला होता की एक अनोळखी माणूस पहाटे रस्त्याने चालतोय. पुरुषोत्तमने गाडी थांबवून रमणला नाव विचारलं, नाव ऐकलं, टोपी काढली आणि म्हणाला, "अहो, घरी पोहे वगैरे मिळतील का?" तेव्हापासून दर रविवारी तो यायचा. रमणला तो रमण्या म्हणायचा, नीलिमाला वहिनी. रमण त्याला पुरू म्हणायचा. आईबाप गेल्यावर त्याला या देशात मराठीत हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्याला घोड्यावरच्या सिनेमांचं वेड. गावातल्या व्हिडिओच्या दुकानात एक जुनी काळीपांढरी कॅसेट होती, जी त्याच्याशिवाय कुणीच नेत नसे. दोन जिवलग मित्र, एकाच घोंगडीत झोपलेले. पुढे एकाच्या छातीवर पोलिसाचा तारा लागतो आणि दुसरा गुरं चोरू लागतो. पुरुषोत्तम ती कॅसेट आणायचा आणि तिघं सोफ्यावर बसून बघायचे. रमणला संवाद कळत नसत. गुरं कळत.

ऑक्टोबरात ग्रॅहमने हिशेब जुळवला आणि पोलिसांत तक्रार दिली. वासरं चोरीला जातायत. तपास पुरुषोत्तमकडे आला. त्या रविवारी कॅसेट लावताना त्याने हे सहज सांगितलं, आणि म्हणाला की रात्री कुणाची गाडी दिसली तर कळव, तू तिथलाच आहेस. रमणने मान हलवली. पडद्यावर तारा लावलेला मित्र आपला घोडा चोर मित्राला पळायला देऊन पाठ फिरवत होता. रमणला राहवेना. त्याने विचारलं, "तू असतास तर?"

"मी?" पुरुषोत्तमने चिवड्याची बशी मांडीवर ओढली. "मी घोडा नसता दिला रे. सरकारी घोडा, त्याची रिसीट कोण देणार?"

नीलिमा हसली. रमणही हसला. पुरुषोत्तम पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, "खरं सांगू? मी त्याला धरलं असतं. दुसऱ्या कुणाला धरू दिलं नसतं."

त्यानंतर रमणची झोप गेली. खडीवर चाक वाजलं की हातातली बादली खाली ठेवायचा. दूधवाला टँकर आला तरी आडोशाला जायचा. वासरं परत पिंजऱ्यात ठेवावीत असं त्याने ठरवलं, आणि दर सकाळी ते पुढे ढकललं.

मग वसुबारस आली. हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या मराठी बायका त्या दिवशी चांदीच्या गाय-वासराची पूजा करायच्या. नीलिमा म्हणाली, आपल्या दारात खरी असताना चांदीची कशाला? पोटातल्या बाळासाठी तिला सवत्स गाय हवी होती, आणि वासरू त्या गाईच्या स्वतःच्या पोटचं हवं. रमण नाही म्हणू शकला नाही. संध्याकाळच्या दुधानंतर त्याने पाचांतल्या एका वासराची आई कळपातून ओळखून शेडवर नेली. नीलिमाने दोघांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी पुढे धरली. वासराच्या काळ्या तोंडावर पांढरा चांद होता, त्यावर कुंकू ठसठशीत बसलं. गाय आधी बुजली. मग वास घेऊन वासराला चाटू लागली, आणि तिने काढलेला आवाज रमणने त्या देशात पहिल्यांदाच ऐकला.

अंधारायच्या आत त्याने गाय कळपात परत सोडली. चूक तिथेच झाली. तोवर वासराला आई ठाऊक नव्हती, म्हणून ते शांत होतं. आता गाय रात्रभर कुंपणाशी हंबरत राहिली. कधीतरी वासराने शेडची कुजकी फळी ढकलली आणि आवाजाच्या दिशेने निघालं.

सकाळी ते शेजाऱ्याला रस्त्यावर सापडलं. त्याने ग्रॅहमला फोन केला, ग्रॅहमने पोलिसांना: चोरांनी कपाळाला लाल रंग फासलाय.

दूध काढून झाल्यावर रमण गोठा धूत होता. पोलिसाची गाडी आली. पुरुषोत्तम उतरला, त्याने पाण्याचा नळ स्वतः बंद केला आणि जवळ येऊन उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताची बोटं गुलाबी होती.

"वहिनींनी लावलं ना?"

रमणची नजर त्या बोटांवर गेली.

"आख्ख्या जिल्ह्यात वासराला कुंकू लावणारं एकच घर आहे रे. मला बघायलाही लागलं नाही." त्याचा आवाज बारीक झाला होता. "ग्रॅहम पोचायच्या आत ओढ्यावर नेऊन पुसलं मी. त्याला म्हणालो, रंग नव्हता, चिखल होता. कळतंय का काय केलं मी? माझी नोकरी जाईल, रमण्या. तुरुंगही होईल."

"मग कशाला पुसलंस?"

"माहीत नाही." तो बोटं पॅन्टला घासत राहिला. "दुपारच्या आत तू स्वतः ग्रॅहमला सांग. नाहीतर मला तुला न्यावं लागेल. आणि कुंकवाचं काही बोलू नकोस."

रमणने बूट न काढताच मालकाचं दार वाजवलं. मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं: वासरं कुठे आहेत, दूध कुठलं पाजलं. ग्रॅहमने त्याच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. मग विचारलं, किती विकलीस? एकही नाही. मग ठेवलीस कशाला? रमणने वासरांनी चोखलेली बोटं नुसती पुढे केली.

शेवटी ग्रॅहम म्हणाला की तक्रार मागे घेतो, तू कामाचा माणूस आहेस. उद्या ट्रक येईल. पाचही वासरं तूच चढवायची. रमणने मान खाली घातली. मग ग्रॅहमने दारातूनच विचारलं, "आणि तो लाल रंग? शेजारी शपथेवर सांगतोय. पोलीस म्हणतो चिखल."

रमणने पाहिलं, मालकाचे डोळे त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. "लाल काही नव्हतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा नीलिमा घराबाहेर आली नाही. आता तिला सगळं कळलं होतं. ग्रॅहम खिशात हात घालून ट्रकच्या दाराशीच उभा होता. रमणने एकेक वासरू चढवलं. आता ती जड झाली होती, झटापट करत होती. चांदवालं शेवटी राहिलं. उन्हात त्याने पाहिलं, पांढऱ्या केसांच्या मुळाशी गुलाबी छटा अजून तशीच होती; ओढ्याच्या पाण्याने ती गेली नव्हती.

ग्रॅहम एक पाऊल पुढे आला.

रमणने वासराच्या कपाळावर तळहात ठेवला आणि त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं. तसंच त्याला फळीवरून वर नेलं. आतल्या अंधारात पोचेपर्यंत त्याने हात काढला नाही. वासरू त्याच्या मनगटाला जीभ लावत होतं.