म्हैसमाळचा कावळा

माझ्या वडिलांच्या मते जगात पक्षी एकच होता, कावळा.

मी सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून खुलताबादच्या पुढे डोंगरात जायचो, गवतात पोटावर पडून राहायचो, अंगभर गोचिड्या घेऊन परतायचो आणि मोठ्या अभिमानाने फोटो दाखवायचो. बाबा चष्मा कपाळावर चढवून बघायचे. "बरा आलाय कावळा."

"बाबा, हा खंड्या आहे! निळा आहे निळा!"

"मग निळा कावळा."

मीही काही कमी नव्हतो. घरात कुणी कापशीला घार म्हटलं तरी माझा घास घशात अडकायचा आणि तिथल्या तिथे शिकवणी सुरू व्हायची. (आमच्याकडे पाहुणे कमी का येतात, हे मला फार उशिरा कळलं.)

बाबा चैत्रात गेले. सकाळी पेपर वाचत होते, दुपारी नव्हते. आम्ही रडलो, सावरलो, कामाला लागलो. आई मात्र सावरली नाही. ताटातलं चिवडायची, अर्धं ठेवायची. साखर उतरवायच्या गोळ्या वेळेवर घ्यायची आणि त्यांच्यावर पाणी सोडून काही नाही. दिवसेंदिवस ती इतकी वाळत चालली होती की मला तिच्याकडे बघायची भीती वाटायची.

भाद्रपदात बाबांचे पहिले पित्तर आले. खीर, वडे, पुऱ्या, कढी, गवारीची भाजी असं सगळं पत्रावळीवर वाढून आम्ही इमारतीच्या गच्चीवर घास ठेवला. आईने जाहीर केलं, "कावळा शिवल्याबिगर मी तोंडात काही घालणार नाय."

कावळा येईना. येणार कसा? पितृपक्षात शहरातल्या प्रत्येक गच्चीवर त्याला जेवणाचं आमंत्रण! समोरच्या गच्चीवर एक कावळा बसला होता, पण तो एवढा तुडुंब जेवलेला होता की त्याला उडवत नव्हतं. आमच्या पत्रावळीवर फक्त कबुतरं आली.

सिल्लोडहून आलेले काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, काव काव करून थकले. आईने माझ्याकडे पाहिलं.

"दत्ता, इतकी वर्षं पाखरांमागं हिंडतोस. तुझ्या वळखीचा एखादा कावळा नाय का रे?"

"आई, असं ओळखीचं नसतं."

"मग काय उपेग त्या फोटोच्या यंत्राचा? तू जातोस त्या डोंगरावर घेऊन चल मला. तिकडं पाखरं लई हायेत म्हणतोस ना?"

कावळा माणसांच्या वस्तीजवळ राहतो, डोंगरावर कमीच, हे सांगायला मी तोंड उघडलं. बायकोने, मनीषाने, माझा पाय जोरात दाबला. मी तोंड मिटलं आणि गाडी काढली.

म्हैसमाळच्या पठारावर सोनकी फुलली होती. ऊन सौम्य, वारा गार. अशा दिवशी मी एरवी आनंदाने वेडा झालो असतो. त्या दिवशी मांडीवर खिरीचा डबा घेऊन बसलो होतो. कड्याजवळच्या खडकावर आम्ही पत्रावळ मांडली आणि मागे गाडीपाशी येऊन थांबलो.

आणि पक्षी आले की! शिक्रा आला, बुलबुल आले, वर्षानुवर्षं हुलकावणी देणारी मोरघार डोक्यावर येऊन गिरक्या घालून गेली. कावळा सोडून सगळे आले. वानरांची अख्खी टोळी आली, तिला हाकलायला काका काठी घेऊन उभे राहिले.

"दादाचं कायतरी राहिलंय," काका म्हणाले आणि खडकाकडे बघून ओरडले, "दादा! बांधाचं भांडण सोडलं मी! जमीन तुमच्या दत्त्याची! या आता!"

कावळा नाही.

मनीषा म्हणाली, "बाबा, आईंना मी कधी एकटं सोडणार नाही."

कावळा नाही.

काकांनी हळूच खिशातून तंबाखूची पुडी काढली. डॉक्टरांनी बाबांची बंद केल्यापासून घरात तिचं नावही निघत नव्हतं. सगळ्यांनी आईकडे बघितलं.

"ठेवा," आई म्हणाली. "आता काय व्हायचंय त्यांना."

पुडी ठेवली, तरी कावळा नाही. मग माझी पाळी आली. मी घसा साफ केला. "बाबा, कॅमेरा कमी करतो."

"कमी न्हवं, इकून टाक म्हण!" काका खेकसले.

मी तसं म्हणणार तेवढ्यात आई मटकन खाली बसली. तिचे हात थरथरत होते. मनीषाने तिच्या तोंडाशी साखर धरली, तिने मान फिरवली.

"माझ्यावरच रुसलेत ते," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी दुसरा चहा मागितला त्यांनी. मी म्हणले, नाय मिळणार, एकदा झालाय ना! पेपर तोंडावर घेतला आन् बोललेच नाय नंतर. दुपारी गेलेच. एक कप चहा रे, दत्ता. एक कप!"

एवढे महिने ती हे पोटात घेऊन बसली होती आणि आम्हाला वाटत होतं तिला भूक लागत नाही. मनीषाने थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि पत्रावळीजवळ नेऊन ठेवला. आईने डोळे मिटले, हात जोडले.

"मी वानरं बघतो," काका दबक्या आवाजात म्हणाले. "तू यंत्र लाव आन् नजर हालवू नको. आज तरी कामाला ये!"

मी नजर हलवली नाही. खरंच नाही! पण खडकाच्या मागच्या गवतातून खोकड बाहेर आलं. दिवसाढवळ्या! झुबकेदार शेपटी, कानांमागून ऊन, सरळ माझ्याकडे बघत उभं. या छोट्या कोल्ह्यासाठी मी किती हिवाळे कुडकुडलो होतो! बापाचं पित्तर, उपाशी आई, सगळं मला ठाऊक होतं, पण बोटाला ठाऊक नव्हतं. भिंगाचा रोख खोकडावर गेला आणि कॅमेरा खडखडत सुटला.

तेवढ्यात काका वानरांवर बोंबलत धावले, खोकड पळालं आणि मी भानावर येऊन पाहतो तर पत्रावळ पालथी! खीर खडकावरून ओघळतेय, झाकण कलंडलंय, चहा सांडलाय.

"शिवला?" आईने डोळे उघडले. "दत्ता, शिवला का?"

काकांची पाठ होती. मनीषा आईला धरून बसली होती. बघायला नेमलेला माणूस मी एकटाच! मी घाईघाईने फोटो मागे सरकवू लागलो. खोकड, खोकड, खोकड. आणि शेवटच्या फोटोत कोपऱ्यात, पत्रावळीच्या बरोबर वर, पंख पसरलेलं काहीतरी काळं.

"दाखव," आई म्हणाली.

तिने पडद्याला डोळे लावले. "काळं हाय. कावळाच ना रे?"

तो कोतवाल होता. धूसर फोटोतसुद्धा शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली स्वच्छ दिसत होती. कोतवाल पुरीला तोंड लावत नाही, खिरीवरच्या माश्या टिपायला आला असणार. पत्रावळ बहुतेक वाऱ्यानेच उलटली होती. आयुष्यभर मी लोकांना हाच फरक ओरडून ओरडून सांगत आलो होतो. आईचे हात अजून थरथरत होते.

"व्हय आई," मी म्हणालो. "कावळाच."

"शेपूट जरा येगळं..." काका वाकून म्हणाले.

"डोंगरातल्या कावळ्याचं तसंच असतं, काका!"

आई रडली. खूप रडली. "चहा घेतला त्यांनी," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसून तिने एक पुरी खाल्ली, मग दुसरी, मग काकांच्या वाट्याचे वडेही. मी खोकडाचा आनंद मानायचा विसरलो.

तो फोटो आईने मोठा करून घेतला. दुकानदाराने विचारलं, "आज्जी, हे मागचं कुत्रं ठेवायचं का?" ती म्हणाली, "काढून टाक." आयुष्यात एकदाच भेटलेलं माझं खोकड असं कापलं गेलं, आणि कोपऱ्यातला काळा धूसर ठिपका चौकटीत बसून बाबांच्या फोटोशेजारी भिंतीवर लागला.

परवा आमच्या पक्षीमित्रांपैकी एक जाणकार गृहस्थ घरी आले. भिंतीजवळ थांबले, चष्मा पुसला. "अहो, हा तर को..."

मी त्यांच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला! "कावळा आहे," मी आईला ऐकू जाईल असं म्हणालो. ते माझ्याकडे फार दयेने बघत निघून गेले. तेव्हापासून गावातल्या तमाम पक्षीप्रेमींत 'साधा कावळा न ओळखणारा दत्ता' अशी माझी ख्याती आहे.

आई रोज सकाळी बाबांच्या फोटोपुढे चहाचे दोन कप ठेवते. बाबा शेजारच्या चौकटीकडे बघत असतात. पक्ष्यांच्या बाबतीत बापलेकांचं एकमत झालं ते असं, आणि तेही त्यांच्याच मताने.