पिनरचे अंपायरकाका

आमच्या अंपायरकाकांनी कधी कुणाला आउट दिलं नाही. ते आउट होणाऱ्यालाच विचारायचे. दर उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाची पिकनिक लंडनच्या कडेला, पिनरच्या पार्कात असते आणि तिथे लहानथोर सगळे राउंडर्स खेळतात. इथल्या शाळांत पोरं बॅटनं चेंडू मारून चार खांबांभोवती पळतात, तोच हा खेळ. काका फोल्डिंगच्या खुर्चीत, डोक्यावर हॅट, पायाशी चहाचा थर्मास, असे बसायचे. वाद झाला की दोन्ही बाजू त्यांच्याकडे धावायच्या आणि काका पळणाऱ्याला शांतपणे म्हणायचे, "मला नीट दिसलं नाही. तूच सांग, आउट होतास का?"

आता असं विचारल्यावर खोटं कोण बोलणार? बोलणारे बोलायचेही, नाही असं नाही. एका रेडिऑलॉजिस्टसाहेबांनी छातीवर हात ठेवून नॉट आउट असल्याचं सांगितलं. काका म्हणाले, बरं. साहेब पुढच्या खांबापर्यंत पळाले, तिथे जरा घुटमळले आणि आपण होऊन परत येऊन सतरंजीवर बसले. बायकोनं पुढे केलेला बटाटेवडासुद्धा त्यांनी खाली मान घालून खाल्ला.

काका मूळचे साताऱ्याचे, पेशानं भूल देणारे डॉक्टर. इंग्लंडला यायच्या आधी काही काळ ते अमेरिकेत, ओहायोमधल्या एका हॉस्पिटलात होते. तिथून त्यांनी काय आणलं, तर बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळाचं वेड. आताचा बेसबॉल त्यांना बघवत नसे. त्यांचा जीव अडकला होता तो दीडशे वर्षांपूर्वीच्या खेळात, जेव्हा माणसं नुकतीच पैसे घेऊन खेळायला लागली होती. आमच्या घरी क्रिकेटची मॅच लागलेली असायची, सगळ्यांचे श्वास अडकलेले असायचे, आणि हा गृहस्थ कोपऱ्यात बसून माझ्या सासूबाईंना ओहायोतल्याच सिनसिनाटी शहराच्या गोष्टी सांगत असायचा. सासूबाईही बिचाऱ्या मटार सोलत ऐकायच्या.

पगार घेऊन खेळणं तेव्हा म्हणे कमीपणाचं समजत. म्हणून क्लबवाले खेळाडूला एखाद्या दुकानात नावापुरता कारकून करून ठेवायचे. त्या कारकुनाला दुकानाचं दार कुठल्या बाजूला आहे तेही ठाऊक नसायचं. मग सिनसिनाटीच्या क्लबनं उघड उघड अख्ख्या टीमलाच पगार दिला आणि ती टीम गावोगाव जिंकत सुटली. काकांना ते पसंत होतं. चोरून घेण्यापेक्षा उघड घेतलेलं बरं, मी काय फुकट भूल देत होतो का, असं ते म्हणायचे. दुःख त्यांना वेगळंच होतं. त्या काळी अंपायर एकटाच. त्याला दिसलं नाही तर तो खेळाडूला विचारायचा, नाहीतर बघायला आलेल्या लोकांना विचारायचा. पगारी खेळाडू स्वतःच्या पोटावर पाय कशाला आणेल? हळूहळू कुणी खरं सांगेना आणि शेवटी ती रीतच गेली. हे सांगताना काकांचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा व्हायचा.

हातमोज्याची गोष्ट तर मला पाठ झाली होती. पूर्वी सगळे उघड्या हातांनी चेंडू झेलायचे, बोटं मोडून घ्यायचे. पहिल्यांदा मोजा घालणाऱ्यानं तो कातडीच्या रंगाचा घेतला, लोकांच्या लक्षात येऊन हसं होऊ नये म्हणून. इथे काका संधिवातानं वाकडी झालेली आपली बोटं नाचवून म्हणायचे, "अगं, लागतंय तर लागतंय म्हणावं. त्यात लपवायचं काय?"

म्हणणारे म्हणून गेले. पण काकू गेल्यानंतर काकांची नजर अधू होत चालली होती आणि हे महाशय ती बेमालूम लपवत होते. 'मला नीट दिसलं नाही' हे वाक्य कधीपासून खरं झालं, ते आम्हाला कळलंच नाही. आधी समोरून येणाऱ्या व्हॅनला घासून गाडीच्या बाजूचा आरसा गेला. मग कार पार्कातल्या खांबाला दार घासलं. दोन्ही वेळा दोष त्या व्हॅनचा आणि त्या खांबाचा. आणि याच गाडीतून ते दर गुरुवारी माझ्या सासूबाईंना एजवेअरला भाजीला न्यायचे.

मग मार्चमध्ये एकदा मी हाय स्ट्रीटवर उभी होते. झेब्रा क्रॉसिंगवर एक तरुण बाई प्रॅम घेऊन उतरली आणि काकांची निळी गाडी थांबेचना. बाईनं प्रॅम मागे ओढली. गाडी झेब्रा ओलांडून पुढे जाऊन थांबली. बाळाला काही झालं नाही.

आमच्या मंडळात दगड फेकला तर डॉक्टरला लागेल. पण काकांना सांगायचं कुणी? प्रत्येकाचं म्हणणं एकच, हे त्यांच्या जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं सांगायला हवं. त्यांची मुलगी केतकी मेडनहेडला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "आय हॅव ट्राइड. बाबा विषयच बदलतात. तू सांग ना, तुझं ऐकतात ते." झालं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम माझ्याकडे. गुरुवार आला की सासूबाई परत येईपर्यंत मी खिडकी सोडत नव्हते, आणि काकांसमोर गेले की हवापाण्याचं बोलून परत यायचे. ज्या माणसानं माझ्या सिझेरियनच्या वेळी माझा हात धरला होता, त्याला काय सांगू, की आता तुम्ही कुणाचा तरी जीव घ्याल?

पिकनिकचा दिवस आला. माझी लेक ईशा पळाली, खांबाशी गोंधळ झाला, आरडाओरडा झाला. काकांनी विचारलं. ती हिरमुसून म्हणाली, "आजोबा, मी आउट झाला." इथे जन्मलेलं मराठी, दुसरं काय. काकांनी तिला शाबासकी दिली, आणि मला एकदम वाट दिसली.

सतरंज्या गुंडाळून झाल्या. काकांनी खिशातून किल्ली काढली. सासूबाई गाडीच्या दारापाशी उभ्याच होत्या.

मी म्हटलं, "काका, त्या दिवशी झेब्रापाशी मी होते. पण मला नीट दिसलं नाही. तुम्हीच सांगा, आउट होतात का?"

मला सगळं स्वच्छ दिसलं होतं, हे त्यांना कळलं.

"आउट," ते म्हणाले. "केव्हाचाच. पण कुणी विचारेचना गं."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः जाऊन डावीकडच्या सीटवर बसले. मी गाडी सुरू केली. मागच्या सीटवर सासूबाईंनी जो काही सुस्कारा सोडला, तो मेडनहेडपर्यंत ऐकू गेला असेल. घरी आल्यावर म्हणतात कशा, मी तर दर गुरुवारी डोळे मिटून देवाचं नाव घेत बसायचे. मग जात कशाला होतात, मी चिडून विचारलं. तर म्हणाल्या, त्यांना एकट्याला कसं जाऊ द्यायचं? काका मात्र त्या संध्याकाळी वाटभर खिडकी उघडी ठेवून हातमोज्याची गोष्ट सांगत होते. इतकं खूश मी त्यांना काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

आता ते मेडनहेडला केतकीकडे असतात आणि आमची पिकनिक अंपायरवाचून होते. भांडणं खूप होतात. जायच्या आधी त्यांना नवा चष्मा आणायला मी हाय स्ट्रीटवर घेऊन गेले होते. त्याच झेब्रापाशी आम्ही थांबलो आणि पलीकडून तीच बाई आली. बाळ आता प्रॅममध्ये उठून बसलं होतं आणि पायातला मोजा ओढत होतं. तिनं काकांना ओळखलं नाही. काकांनी मात्र, ही तीच ना, अशी माझ्याकडून खात्री करून घेऊन, हॅट काढली आणि ती पार पलीकडे जाईपर्यंत ते हॅट हातात धरून उभे राहिले.

"हिला विचारलं असतं," ते म्हणाले, "तर हिनंही आउटच सांगितलं असतं. बरं झालं, मी आधी बोललो."