कुमुदताई आणि न मोजलेले चार दिवस

डॉ. कुमुदताईंच्या साठीनिमित्त ग्रंथ निघतोय म्हटल्यावर त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी लिहावं, हे ओघानंच आलं. मी डॉक्टर नाही. कळसाडीची सून, शहाद्याच्या शाळेत गणित शिकवणारी, आणि ताईंची एकेकाळची पेशंट. गेली काही वर्षं दर रविवारी त्यांच्या नंदुरबारच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या बायकांशी बोलायला बसते, त्या हक्कानं लिहितेय.

पहिली भेट ओरडा खाऊनच झाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. मी एकटीच फाइल घेऊन गेले. ताईंनी ती उघडलीसुद्धा नाही.

"मिस्टर कुठे आहेत?"

"शेतात. कापसाला पाणी चालू आहे."

"मग पाणी झाल्यावर दोघं या. मूल काय तुम्हा एकटीला हवंय?"

अस्सा राग आला मला! पण पुढच्या खेपेला आमचे हे निमूट आले. त्यांची तपासणी आधी झाली, ठीक निघाली, आणि मगच माझ्या हाती गोळ्या पडल्या. हा नियम ताईंनी कुणाही बड्या माणसासाठी मोडलेला मी पाहिला नाही.

माझं बीज वेळेवर तयार होत नव्हतं. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी, बाराव्या दिवशी सोनोग्राफी, असं ठरलं. तीन पाळ्या गेल्या, बीज काही दिसेना. घरात सासूबाई बोलू लागल्या, "नही जमनं ते पोऱ्यानं दुसरं लगीन करी टाकूत." तोंडावर नाही, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. हे गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यानं माझा जीव जास्त जळायचा.

चौथ्या खेपेला सासूबाईच बरोबर आल्या, निकाल ऐकायला. ताईंनी विचारलं, "पाळीचा पहिला दिवस?" मी म्हटलं, "शनिवार." तशा सासूबाई मध्येच म्हणाल्या, "शनिवारे ते न्हायनी ती. बाजूले मंगळवारे बसनी व्हती."

ताईंचं पेन थांबलं. आमच्या घरी ते चार दिवस धरतच नाहीत. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की बाई घरात आली, तिथून पुढं मोजायचं. मीही तसंच मोजलं होतं. म्हणे गणिताची बाई! दर वेळी गोळी चार दिवस उशिरा, सोनोग्राफीही उशिरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता सासूबाईंच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

ताई खुर्चीतून उठल्या, सासूबाईंसमोर येऊन म्हणाल्या, "आई, हिची चूक नाही, माझी आहे. मी पहिला दिवस विचारला, रक्त कधी दिसलं ते विचारलं नाही. हिच्या तीन पाळ्या मी वाया घालवल्या. माफ करा मला."

सासूबाई पार गोंधळल्या. "बाई, तुमी कसाले माफी मांगतस?" एवढंच म्हणाल्या. परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली. दुसऱ्या लग्नाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून ताईंच्या कागदावर 'पाळीचा पहिला दिवस' असं नसतं. 'पहिला डाग कोणत्या वारी दिसला?' असं असतं. डोंगरातल्या काठी गावाकडच्या बायका आल्या की भिली बोलणाऱ्या सिस्टर हेच त्यांच्या बोलीत विचारतात. सगळ्यांनाच यश येतं असं नाही. जिथं आशा नाही तिथं ताई तसं स्पष्ट सांगतात, उगाच खेपा घालायला लावत नाहीत. सांगताना मात्र दोघांनाही समोर बसवतात आणि घाई करत नाहीत.

दिवस नीट मोजल्यावर दुसऱ्याच पाळीला बीज दिसलं. दिवस राहायला आणखी पाच महिने लागले. आमची मनवा आता चौथीत आहे, आणि आजीशिवाय तिचं पान हलत नाही.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो, आणि रविवारी तरी वेळेवर जेवत चला. खरं सांगू? मनवा झाली नसती तरी मी हे लिहिलंच असतं. माझी चूक तुम्ही स्वतःवर घेतलीत, त्या दिवशी माझ्या पोटात काही नव्हतं. तरी मी मान वर करून घरी गेले.