हिरवा दोरा

आमच्या कचेरीतले टायपिस्ट पानाला चुना लावता लावता दर वर्षी तेच सांगायचे. "त्रिनिदाद बेटावर पण मोहरम होतो जी. आपल्याकडून मजुरीला गेलेल्यांची नातवंडं ताबूत बनवतात, समुद्रात सोडतात. माझा भाऊ जहाजावर आहे, त्यानं पाहिलंय."

घरी ते गणपती बसवायचे आणि मोहरमला नवसाचे फकीर होऊन आम्हा सगळ्यांच्या मनगटांवर हिरवा दोरा बांधायचे. मी तो बाहेर पडताच तोडून टाकायचो.

हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, माझी बदली औरंगाबादला निघाली. काचीगुडा स्टेशनावर धापा टाकत येऊन त्यांनी माझं मनगट धरलं.

"अहो, मोहरम अजून किती लांब आहे!"

"हौ, पण तिकडं तुम्हाला कोण बांधणार?"

मोहरमपर्यंत दोरा पार पांढरा पडला. हा कसला दोरा, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, हिरवा.